औषधांच्या सवलतीमागील अर्थकारण

दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत औषधाच्या दुकानात घासाघीस करण्याची रीत नव्हती. वेष्टनावर छापलेली किंमत निमूटपणे मोजावी, फार तर ओळखीच्या दुकानदाराने वरचे सुटे पैसे सोडून द्यावेत, एवढाच तो व्यवहार असे. आज मोबाइलवर बोट फिरवताच त्याच औषधावर पंधरा, वीस, कधी पंचवीस टक्के सूट जाहीर झालेली दिसते. पहिल्या खरेदीला त्याहूनही अधिक, आणि वर माल घरपोच. मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे जन्मभर घ्यावी लागणाऱ्या निवृत्त शिक्षकाला किंवा कारकुनाला ही सूट म्हणजे महिन्याच्या खर्चातील प्रत्यक्ष बचत होय. तिचे स्वागत त्याने का करू नये? तथापि, ज्या धंद्यात किरकोळ विक्रेत्याची मिळकत मुळातच विक्रीच्या पंचमांशाच्या आसपास असते, त्या धंद्यात एवढी सूट देणाऱ्या कंपन्या वर्षानुवर्षे चालतात कशा, त्यांचा तोटा कोण सोसतो आणि कशाच्या आशेवर सोसतो, हा प्रश्न सवलत घेणाऱ्यानेही विचारावा असा आहे. कारण बाजारात दानधर्म होत नसतो. आज सोडलेला पैसा उद्या कोणाकडून तरी वसूल करण्याचा हिशेब त्यामागे असतोच.

सवलतीचे गणित

औषधांच्या व्यापारातील नफ्याचे प्रमाण इतर मालाप्रमाणे मोकळे नाही. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरले जातात. व्यापाराच्या रूढीप्रमाणे अशा औषधांवर घाऊक व्यापाऱ्याला ८ टक्के मिळतात. नियंत्रणाबाहेरील औषधांवर घाऊक व्यापाऱ्याला १० आणि किरकोळ विक्रेत्याला २० टक्के, असा प्रघात आहे. एक ढोबळ उदाहरण घेऊ. महिन्याला हजार रुपयांची औषधे घेणाऱ्या गिऱ्हाइकामागे दुकानदाराच्या हाती फार तर दोनशे रुपये राहतात. त्यातून जागेचे भाडे, नोकरांचे पगार, वीज, मुदत संपलेल्या मालाची घट आणि अडकलेल्या भांडवलाचे व्याज भागवायचे असते. ऑनलाइन कंपनी हेच दोनशे रुपये गिऱ्हाइकाला परत करते. शिवाय गोदाम, बांधणी, घरपोच पोचविण्याची मजुरी, संगणकीय यंत्रणा आणि जाहिरात यांचा खर्च तिच्या माथी असतोच. घाऊक व्यापाऱ्याला वगळून त्याचा हिस्सा तिने स्वतःकडे घेतला, तरी पदरात पडते ते आणखी शंभराच्या आतबाहेर. म्हणजे नुसती औषधे विकून हा खेळ फार काळ चालणे कठीण, हे कोणाही हिशेबनिसाच्या ध्यानात येईल.

मग हा खेळ चालतो कशावर? पहिली काही वर्षे तो गुंतवणूकदारांच्या पैशावर चालला. गिऱ्हाईक आधी जोडावे, नफ्याचे मागाहून पाहावे, हे या नव्या कंपन्यांचे सूत्र. कपडे, पुस्तके किंवा भ्रमणध्वनी विकणाऱ्यांनी ते अगोदर अवलंबिलेच होते. औषधांच्या बाबतीत त्याला एक विशेष आकर्षण लाभले. कपडे घेणारा मनुष्य पुढच्या महिन्यात परत येईलच असे नाही. मधुमेहाचा रोगी मात्र दर महिन्याला येतो आणि बहुधा अखेरपर्यंत येत राहतो. एकदा जोडलेले असे गिऱ्हाईक वीस-पंचवीस वर्षांचे उत्पन्न देऊ शकते, या अपेक्षेवर त्याला जोडण्यासाठी वाटेल तेवढा खर्च करण्याची तयारी गुंतवणूकदारांनी दाखविली. दीर्घकालीन व्याधी हीच या स्पर्धेतील खरी मालमत्ता ठरली.

रोगी हा साधा गिऱ्हाईक नव्हे

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्पर्धेचे जे गुण सांगितलेले असतात, ते काही गृहीतांवर उभे असतात. मालाचा गुण गिऱ्हाइकाला कळतो, निवड तो स्वतः करतो आणि पैसेही तोच मोजतो, ही त्यातील प्रमुख गृहीते. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात वैद्यकसेवेच्या बाजारात ही गृहीते का टिकत नाहीत, याचे विवेचन केले. रोग केव्हा होईल याची अनिश्चिती आणि उपचाराच्या गुणाविषयी रोग्याचे अज्ञान, यांमुळे हा बाजार इतर बाजारांहून वेगळा पडतो, असा त्याचा आशय. औषधांच्या बाबतीत ही विसंगती अधिकच तीव्र आहे. औषध निवडतो डॉक्टर, विकतो दुकानदार, पैसे देतो रोगी. ज्याला पैसे द्यायचे त्याला निवडीचा अधिकार नाही. ज्याला निवडीचा अधिकार त्याला पैशाची झळ नाही.

याचा परिणाम असा की, एकच रसायन शंभर नावांनी विकले जाते आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचे अंतर असते. औषधांना व्यापारी नावे देण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने मोडावी, अशी शिफारस जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ सालीच केली होती. तिला आता अर्धशतक होऊन गेले. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव लिहावे, अशी तरतूद २०१६ साली वैद्यकीय परिषदेच्या नियमांत आली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अधिक कडक केली, आणि डॉक्टरांच्या संघटनांनी गदारोळ उठविताच त्याच महिन्यात ते नवे नियम स्थगित ठेवले. औषधांच्या किमतीतील खरी स्पर्धा उत्पादकांमध्ये व्हावयास हवी. ती होत नाही. आज ऑनलाइन कंपन्यांमध्ये जी चुरस दिसते ती साखळीच्या शेवटच्या कडीपुरती, म्हणजे विक्रेत्याच्या वीस टक्क्यांपुरती आहे. छापील किंमतच अवाच्या सवा असेल, तर तीवरील वीस टक्के सूट ही रोग्याची बचत म्हणावी की त्याच्या डोळ्यांत धूळ, याचा विचार व्हावा. सरकारने २००८ साली सुरू केलेल्या जनऔषधी केंद्रांत तीच रसायने बाजारातील प्रसिद्ध नावांपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात. या केंद्रांची संख्या २०२५ च्या आरंभी १५ हजारांवर गेली. सवलतीची खरी जागा कोठे आहे, याचा हा पुरेसा पुरावा होय.

एका कंपनीची चढउतार

या धंद्याच्या डावपेचांचा अभ्यास करावयाचा तर मुंबईतच जन्मलेल्या फार्मइझी या कंपनीचे उदाहरण घ्यावे. २०१५ च्या सुमारास आरंभ झालेल्या या कंपनीने आधी वाढीचा मार्ग धरला. मेडलाइफ ही प्रतिस्पर्धी कंपनी तिने २०२१ साली पूर्णपणे आपल्यात विलीन करून घेतली. स्पर्धकाशी झुंजण्यापेक्षा त्याला विकत घेणे स्वस्त पडते, हा भांडवली बाजारातला जुनाच अनुभव. त्याच वर्षी जूनमध्ये तिने नवी मुंबईच्या थायरोकेअर या रोगनिदान कंपनीचे ६६.१ टक्के भाग ४,५४६ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. थायरोकेअरचा इतिहास मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रातील नोकरी सोडून आलेले शास्त्रज्ञ डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६ साली ती काढली, आणि रक्ततपासण्यांचे दर मोठ्या संख्येच्या बळावर खाली आणून ती नफ्यात चालविली. पाव शतक नफ्याने चाललेली कंपनी सहा वर्षे तोट्यात चाललेल्या कंपनीने विकत घेतली. या घटनेतच त्या काळातील भांडवली बाजाराचे सारे मानसशास्त्र सामावलेले आहे.

या खरेदीमागील तर्क मात्र चुकीचा नव्हता. औषधांवर नफ्याची मर्यादा आहे. तपासण्यांवर तशी नाही. औषध घेणाऱ्या रोग्याला रक्ततपासणीची गरज लागतेच. तेव्हा औषधांवर तोटा सोसून गिऱ्हाईक जोडावे आणि तपासण्यांवर नफा मिळवावा, अशी ही योजना. तर्क बरोबर असला तरी मोजलेली किंमत झेपली पाहिजे. कंपनीचे बाजारमूल्य २०२१ च्या अखेरीस ५.६ अब्ज डॉलर धरले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६,२५० कोटी रुपयांच्या भागविक्रीचा मसुदा तिने सेबीकडे दिला. तेवढ्यात जगभर व्याजाचे दर चढू लागले, तोट्यातील कंपन्यांचा मोह ओसरला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो मसुदा परत घेण्यात आला. मग कर्ज आले, कर्जाच्या अटी पाळता येईनात, आणि २०२३ साली जुन्या भागधारकांना प्रत्येकी ५ रुपयांच्या नाममात्र दराने नवे भाग देऊन ३,५०० कोटी रुपये उभारण्याची पाळी आली. कंपनीचे मूल्य सुमारे ९० टक्क्यांनी खाली आले. २०२२-२३ या वर्षाचा तिचा तोटा ५ हजार कोटींहून अधिक होता, आणि त्यातील मोठा भाग चढ्या भावाने केलेल्या खरेद्यांचे मूल्य कमी करून लिहावे लागल्यामुळे झाला होता. सवलतीच्या रूपाने गिऱ्हाइकांच्या खिशात गेलेला पैसा अखेर गुंतवणूकदारांच्या खिशातूनच आला होता, एवढाच याचा अर्थ.

बड्या घराण्यांचा प्रवेश

नवे उद्योजक असे दमत असताना ज्यांना दम लागत नाही असे मल्ल आखाड्यात उतरले. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सने चेन्नईच्या नेटमेड्सच्या पालक कंपनीतील ६० टक्के हिस्सा सुमारे ६२० कोटी रुपयांना घेतला. त्याच महिन्यात ॲमेझॉनने बंगळूरुत औषधविक्री सुरू केली. जून २०२१ मध्ये टाटांनी वनएमजी ही कंपनी ताब्यात घेतली. फ्लिपकार्टने नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलकात्याच्या सस्तासुंदर या कंपनीत बहुसंख्य भाग घेण्याचे जाहीर केले. हे सारे अवघ्या सव्वा वर्षात घडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कोरोनाच्या साथीत लोक घराबाहेर पडण्यास धजत नव्हते. मार्च २०२० च्या अधिसूचनेने परवानाधारक विक्रेत्यांना घरपोच औषधे देण्याची मुभा दिली होती. जी सवय लावण्यासाठी कोट्यवधींची जाहिरात करावी लागली असती, ती साथीने काही महिन्यांत लावून दिली.

या बड्या समूहांचे हिशेब निराळे आहेत. त्यांना औषधांवर लगेच नफा नको असतो. किराणा, कपडे, विमा, कर्ज आणि औषधे एकाच ठिकाणी देऊन संपूर्ण कुटुंब आपल्या दाराशी बांधून ठेवावे, हा त्यांचा बेत. दर महिन्याला न चुकता येणारे औषधाचे गिऱ्हाईक हे त्या बेतातील खुंटीप्रमाणे उपयोगी पडते. अपोलो समूहाचा मार्ग याहूनही वेगळा. त्याच्याकडे स्वतःची रुग्णालये आहेत, डॉक्टर आहेत, आणि २०२४ पर्यंत सहा हजारांवर गेलेली औषधांची दुकाने आहेत. ऑनलाइन मागणी जवळच्या दुकानातूनच पुरविता येत असल्याने त्याला नवी गोदामे बांधावी लागत नाहीत. निव्वळ संगणकावरील दुकानापेक्षा गल्लीतील दुकान अधिक संगणक हा जोड टिकाऊ ठरतो, असे या स्पर्धेच्या पहिल्या फेरीवरून दिसते.

अमेरिकेने शिकविलेला धडा

हा सारा प्रयोग अमेरिकेत वीस वर्षे आधी होऊन गेला आहे. तेथील माजी सर्जन जनरल डॉ. सी. एव्हरेट कूप हे धूम्रपानाविरुद्धच्या लढ्यामुळे घराघरांत आदराचे स्थान मिळविलेले गृहस्थ. त्यांच्या नावाने १९९८ साली आरोग्यविषयक माहिती देणारी एक इंटरनेट कंपनी सुरू झाली आणि जून १९९९ मध्ये तिचे भाग बाजारात आले. लगेच जुलैमध्ये तिने अमेरिका ऑनलाइन या बलाढ्य कंपनीच्या पानांवर जागा मिळावी म्हणून चार वर्षांत ८ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे कबूल केले. त्याच वर्षी असे उघडकीस आले की, या संकेतस्थळावर ज्या रुग्णालयांची देशातील प्रगत रुग्णालये म्हणून नोंद होती, त्यांनी त्या नोंदीसाठी पैसे मोजले होते. ज्या विश्वासावर धंदा उभा होता, त्यालाच तडा गेला. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि पुढील वर्षी तिचे नाव व मालमत्ता अवघ्या १ लाख ८६ हजार डॉलरना विकली गेली. एका सज्जन वैद्याच्या आयुष्यभराच्या लौकिकाची बाजारात एवढीच किंमत उरली.

वेबएमडी ही तिची प्रतिस्पर्धी कंपनी मात्र टिकली. तिचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींचे, आणि जाहिरातदारांत औषध कंपन्या प्रमुख. म्हणजे रोगी जी माहिती फुकट वाचतो, तिचा खर्च ज्याचे औषध खपावयाचे तोच भरतो. २०१७ साली ती सुमारे २.८ अब्ज डॉलरना विकली गेली. औषधविक्री करणाऱ्या ड्रगस्टोअर डॉट कॉम या कंपनीत आरंभी ॲमेझॉनने मोठा हिस्सा घेतला होता. ती २०११ साली वॉलग्रीन्स या दुकानांच्या साखळीने विकत घेतली आणि २०१६ मध्ये बंदच केली. लोकांच्या आरोग्याच्या नोंदी सांभाळण्याची गूगलची पहिली योजना २००८ साली निघाली आणि २०१२ च्या आरंभी गुंडाळली गेली. लोक आपली आजारपणे कोणा कंपनीच्या हवाली करण्यास सहजासहजी तयार होत नाहीत, हे तिने सिद्ध केले.

आणि ज्यांनी ती हवाली केली त्यांचा अनुभव काय? औषधांवरील सवलतीच्या पावत्या देणाऱ्या गुडआरएक्स या कंपनीने गिऱ्हाइकांच्या आरोग्याची माहिती फेसबुक, गूगल आदींना जाहिरातीसाठी पुरविली, असा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला आणि कंपनीने १५ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. वंशपरंपरागत गुणसूत्रांची तपासणी करणाऱ्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी लोकांच्या गुणसूत्रांची माहिती ही विकावयाच्या मालमत्तेपैकी एक होऊन बसली. दुकान बुडाले तर फळ्या आणि काटे लिलावात निघतात, हे लोकांना ठाऊक होते. आता गिऱ्हाइकाचे रक्तही लिलावाच्या यादीत येऊ शकते.

सवलतीची परतफेड कोणत्या रूपाने होते, याचे उत्तर येथे मिळते. कोणत्या घरात कोणते औषध जाते, ते कधी वाढले, कधी थांबले, कोणी मानसिक व्याधीवर गोळ्या घेतो, कोणी वंध्यत्वावर उपचार घेतो, या तपशिलाला विमा कंपनी, औषध कंपनी आणि कर्ज देणारी संस्था या तिघांच्याही लेखी मोल आहे. भारतात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला. त्याखालील नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यातील मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. परंतु 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवल्याखेरीज औषधच मिळत नसेल, तर आजारी माणसाच्या त्या संमतीला संमती म्हणणे ही भाषेची चेष्टा ठरेल.

दुकानदारांची तक्रार

या स्पर्धेत सर्वाधिक अस्वस्थ झाला आहे तो गल्लीतील औषध विक्रेता. मुंबईत मुख्यालय असलेल्या अखिल भारतीय औषध विक्रेता संघटनेने ऑक्टोबर २०१५, मे २०१७ आणि सप्टेंबर २०१८ मध्ये देशव्यापी बंद पुकारले. तिचे म्हणणे सर्वस्वी स्वार्थी म्हणून झटकून टाकण्यासारखे नाही. रात्री अकराला मुलाला ताप चढला असता शटर अर्धे उघडून औषध देणारा, पगार होईपर्यंत वहीत मांडून ठेवणारा आणि दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतील विरोध कधी कधी ध्यानात आणून देणारा हाच माणूस आहे. सवलतीच्या स्पर्धेत तो बुडाला, तर तालुक्याच्या गावी त्याची जागा कोण घेणार? नफ्याची गिऱ्हाइके, म्हणजे शहरातील जुनाट व्याधीचे रोगी, ऑनलाइन कंपन्यांनी वेचून नेली आणि अडीनडीची, उधारीची, खोकल्याच्या एका बाटलीची गिऱ्हाइके त्याच्या वाट्याला उरली, तर त्याचे दुकान चालणार नाही.

तथापि या संघटनांचा स्पर्धेविषयीचा इतिहासही निर्मळ नाही. नव्या घाऊक विक्रेत्याची नेमणूक करण्यापूर्वी संघटनेचे 'ना हरकत' पत्र आणलेच पाहिजे, असा दंडक अनेक राज्यांत चालत होता. गोव्यातील काही विक्रेत्यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०१२ मध्ये तेथील संघटनेविरुद्ध निकाल दिला आणि पुढील वर्षी अखिल भारतीय संघटनेलाही दंड केला. महाराष्ट्रात तत्कालीन अन्न व औषध प्रशासन आयुक्त महेश झगडे यांनी २०१२-१३ च्या सुमारास, दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे या जुन्याच नियमाची अंमलबजावणी सुरू केली, तेव्हा विक्रेत्यांनी बंदचे हत्यार उपसले होते. चिठ्ठीवाचून प्रतिजैविके देणारी दुकाने राज्याच्या कोणत्याही शहरात सापडतात. तेव्हा ऑनलाइन विक्रीमुळे रोग्याची सुरक्षितता धोक्यात येते, हा युक्तिवाद त्यांच्या तोंडी पूर्णपणे शोभत नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०१८ च्या आपल्या टिपणात औषधांच्या ऑनलाइन व्यापाराला योग्य नियमनासह अनुकूलता दाखविली, ती व्यापारी संघटनांच्या या मक्तेदारी वृत्तीमुळेच.

कायद्याची पोकळी

भारतातील औषधविक्री १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार चालते. परवाना जागेला मिळतो आणि त्या जागेत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली विक्री व्हावी लागते. ज्या काळी टपालाने औषध मागविणे हीच दूरची कल्पना होती, त्या काळच्या कायद्यात संगणकावरील दुकानाची सोय नसणार, हे उघड आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रीसाठी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात केंद्रीय नोंदणी, डॉक्टरांच्या चिठ्ठीची पडताळणी, रोग्यांच्या माहितीची गुप्तता आणि गुंगी आणणाऱ्या औषधांवर बंदी अशा चांगल्या तरतुदी होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबविण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने बंदी घातली. तिला खंडपीठाने स्थगिती दिली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी बड्या कंपन्यांसह वीसएक विक्रेत्यांना कारणे दाखवा नोटिसा धाडल्या. पण तो मसुदा मात्र वर्षानुवर्षे मसुदाच राहिला.

ही पोकळी कोणाला सोयीची आहे? ज्याच्याकडे निष्णात वकील आणि खोल खिसा आहे, त्याला संदिग्ध कायदा अडवीत नाही. तो 'आम्ही विक्रेते नव्हे, केवळ दुवा जोडणारे' असे म्हणून वाट काढतो. परकीय भांडवलाच्या नियमांनी ही वाट अधिकच रूढ केली आहे, कारण स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकण्यास परकीय गुंतवणुकीची मुभा नाही, केवळ बाजारपेठ चालविण्यास आहे. त्यामुळे कागदोपत्री विक्रेता एक, गोदामाचा मालक दुसरा आणि पडद्यावर दिसणारे नाव तिसऱ्याचे, अशी रचना उभी राहते. चुकीचे औषध आले तर रोग्याने दाद कोणाकडे मागावी? याउलट चार दुकानदारांनी एकत्र येऊन आपली छोटी ऑनलाइन सेवा काढावी म्हटले, तर कायदेशीर अनिश्चितीच्या भीतीने त्यांना कर्जही मिळत नाही. अनिश्चित कायदा स्पर्धा कमी करतो आणि मोठ्यांना आणखी मोठे करतो.

तोट्यात विकून प्रतिस्पर्ध्याला संपविणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा ठरतो. पण विकणारा बाजारात आधीच प्रबळ असेल तरच. म्हणजे प्रबळ होण्यासाठी चाललेला खेळ कायद्याच्या कक्षेत येत नाही. खेळ संपल्यावर मात्र पंच मैदानात येतात. २०२३ च्या दुरुस्तीने २ हजार कोटींपेक्षा मोठ्या व्यवहारांची छाननी शक्य झाली, ही त्या मानाने स्वागतार्ह सुधारणा आहे.

करावयाचे काय?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही शंभरांतले जवळजवळ चाळीस रुपये आजारी माणूस स्वतःच भरतो, आणि त्यात औषधांचा भार मोठा आहे. म्हणून औषधांचा बाजार कसा चालावा हा केवळ व्यापाऱ्यांमधील तंटा राहत नाही.

ऑनलाइन विक्रीवर सरसकट बंदी घालणे आता शक्य नाही, इष्टही नाही. चालता न येणाऱ्या वृद्धाला, किंवा आपल्या गावी न मिळणारे औषध हवे असलेल्या रोग्याला ती वरदानच आहे. तिला कायद्याच्या चौकटीत आणणे अगत्याचे आहे. नियमांचा मसुदा अंतिम करून दुकान आणि संकेतस्थळ या दोघांनाही फार्मासिस्टची आणि चिठ्ठीची एकच अट लावावी. पडद्यावर ज्याचे नाव, जबाबदारीही त्याचीच, असे स्पष्ट करावे. प्रत्येक औषधाच्या नावाखाली त्याच रसायनाचे सर्वांत स्वस्त रूप आणि जनऔषधी केंद्रातील किंमत दाखविणे सक्तीचे करावे; मग सवलतीची खरी परीक्षा आपोआप होईल. औषधाच्या विक्रीसाठी मिळालेली माहिती अन्य कोणत्याही कामी, संमती असली तरी, वापरण्यास मज्जाव असावा. आणि छोट्या विक्रेत्यांनी बंद पुकारण्याऐवजी सहकाराचा मार्ग धरावा. ज्या महाराष्ट्रात साखर आणि दूध यांचा व्यापार सहकाराने उभा केला, तेथे एखाद्या जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांना मिळून खरेदी करणे आणि एकच घरपोच सेवा चालविणे अशक्य असू नये. घाऊक खरेदीत वाचलेला पैसा त्यांनाही गिऱ्हाइकाला देता येईल.

या साऱ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र हाथी समितीने विचारला तोच आहे. शेवटच्या दुकानदाराच्या वीस टक्क्यांवर कोण कशी झडप घालतो, यावर रोग्याचे हित ठरणार नाही. वेष्टनावरील किंमत मुळात कोणी, कशी ठरविली, यावर ते ठरेल. तो प्रश्न बाजूला ठेवून टक्क्यांची चढाओढ पाहत बसणे म्हणजे घर मोडकळीस आले असता रंगाऱ्यांची स्पर्धा भरविणे होय.